तलावांत बीज किती मोठें सोडावें? : चांदा-गडचिरोलीकडील ढिवरांचें म्हणणें

चांदा प्रांतांतील तलावांविषयीं आजवर जें कांहीं लिहिलें गेलें, तें बहुतेक पाळीवर उभें राहून लिहिलेलें आहे. तलाव कोणीं बांधला, त्याखालीं भात किती भिजतो, बांधणारास जमिनीचा कोणता हक्क मिळाला, इतक्या गोष्टींचा उलगडा झाला म्हणजे लेखकाचें समाधान होतें. पाण्याच्या आंत काय चाललें आहे हें ज्यांस ठाऊक असतें, त्या ढिवर, भोई व केवट लोकांचें म्हणणें जुन्या दप्तरांत क्वचितच उमटलेलें दिसतें. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील तलावांची माहिती गोळा करीत असतां या लोकांकडून एक तक्रार आम्हांस पुनःपुन्हां ऐकावयास मिळाली. ती अशी कीं, सार्वजनिक तलावांत माशांचें जें बीज सोडलें जातें तें फार बारीक असतें. तें सोडलें काय आणि न सोडलें काय, सारखेंच. धंद्यांतील एक किरकोळ कुरकुर म्हणून आम्हीं प्रथम तिच्याकडे दुर्लक्ष केलें. पुढें विचार करितां असें दिसून आलें कीं, हिचा अर्थ लावावयाचा तर गोंड राजांच्या काळापासून आजच्या ठेक्यापर्यंतचा वृत्तांत पहावा लागतो. म्हणून हा लेख.

वाचकांपैकीं पुष्कळांस या धंद्याची परिभाषा अपरिचित असेल, यास्तव आधीं तीच सांगतों. अंड्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें पिलूं म्हणजे मत्स्यजिरें. तें खरोखरच जिऱ्याएवढें, ५ ते ८ मिलिमीटर लांबीचें असतें. दोन-तीन आठवडे लहान तळ्यांत वाढून २० ते २५ मिलिमीटर झालें कीं त्यास मत्स्यबीज म्हणतात. त्यापुढें ५० मिलिमीटरपर्यंत अर्ध-बोटुकली, आणि त्याहून मोठी झाल्यावर, म्हणजे माणसाच्या बोटाशीं तुलना करण्याजोगी झाल्यावर, बोटुकली. (सरकारी कागदांत इतका घरगुती शब्द आम्हीं दुसरा पाहिला नाहीं.) हें बीज मुख्यतः कटला, रोहू व मृगळ या तीन माशांचें असतें, त्यांच्या जोडीस सायप्रिनस, गवत्या व चंदेरा हे परदेशांतून आणलेले मासेही सोडले जातात. माशाच्या मादीस तिच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागें लाख-दोन लाख अंडीं होतात, पण त्यांतून मोठे होणारे मासे अत्यल्प. शत्रू काढून टाकलेल्या, खत व खाद्य घातलेल्या राखीव तळ्यांतसुद्धां जिऱ्यापासून बीजापर्यंत शेंकडा ३० ते ४० आणि बीजापासून बोटुकलीपर्यंत शेंकडा ६० ते ७० जगले, तर काम चांगलें झालें असें समजतात. म्हणजे शंभर जिऱ्यांमागें बोटुकल्या वीस-पंचवीस. ज्या तलावांत शत्रू मोकळे आहेत आणि खाद्य कोणी घालीत नाहीं, तेथें हा हिशेब किती खालीं येत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां तलावांकडे वळूं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पांच जिल्ह्यांत मिळून माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांच्या वर आहेत. 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. नवख्या माणसास तो आजोळचा तलाव वाटतो, पण मामाचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. चांद्याच्या गोंड राजांनीं रान तोडणारास जमीन व तलाव बांधणारास त्याखालील जमिनीचा हक्क देऊन हा मुलूख वसविला, अशी परंपरा आहे, आणि मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालापासून ती पुढील लेखकांनीं सांगत आणली आहे. तलाव बांधण्यांत निष्णात असे कोहळी लोक एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना बरोबर आणले, अशी दंतकथा आहे. ती खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु उतारावरून वाहणारें पाणी कोठें अडवावें याचें त्यांचें ज्ञान खरें होतें, हें त्यांच्या पाळी अजून सांगतात. १७५१ त हें राज्य भोसल्यांकडे गेलें, पुढें शंभर वर्षांनीं इंग्रजांकडे. इंग्रजांनीं मालगुजारास गांवाचा मालक ठरविलें आणि गांवचा तलाव त्याच्या मालकींत गेला. गांवकऱ्यांच्या वहिवाटी मात्र वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत नोंदल्या जात.

या सर्व काळांत तलावांत मासा येई तो पावसाबरोबर. मृगाचे किंवा आर्द्राचे पहिले मोठे पाऊस झाले, ओढे वाहूं लागले आणि सांडव्यावरून पाणी पडूं लागलें कीं, खालच्या नदीनाल्यांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेनें वर चढत. चढणीचे मासे धरण्याची हौस महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. परंतु ज्या प्रांतांत नदीपासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून बोडीपर्यंत आणि बोडीपासून तलावापर्यंत पाण्याची एक सांखळीच आहे, तेथें चढण हीच तलावाची पेरणी होती. उन्हाळ्यांत तलाव आटला तरी मरळ, मागूर, शिंगी यांसारखे हवेंतला श्वास घेणारे मासे उथळ पाण्यांत व चिखलांत तग धरून राहत. ढिवर मासे धरी, शिंगाडा लावी, पाणी भरी, पालखी वाही. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथांत त्याचे हे धंदे एकाच प्रकरणांत दिलेले आहेत. माशाचें बीज विकत घेणें हा त्या धंद्यांपैकीं एक नव्हता.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा मध्यप्रदेश सरकारनें १९५० त केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. ज्याच्या घरचें भात त्या पाण्यावर पिकत होतें तो मालगुजार दूर झाला, आणि पाळीची दुरुस्ती, तुडुमाची म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची निगा, गाळ काढणें हीं कामें कोणाचीं, हें बराच काळ अनिश्चित राहिलें. पुढें लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. पाणी शेतकऱ्याचें, पाळ जिल्हा परिषदेची आणि मासा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा, तोही ठेक्यानें, अशी वांटणी झाली. ठेक्याची रक्कम जलक्षेत्रावर ठरूं लागली, आणि ज्यानें ठेका घेतला त्यानें दर हेक्टरी अमुक संख्येचें बीज सोडावें, हा हिशेबही त्याच जलक्षेत्रावरून होऊं लागला. आमच्या मतें वादाचें मूळ येथें आहे. हेक्टर मोजतां येतात, बीजाची संख्या पावतीवर लिहितां येते; त्यांतलें किती जगलें हें कोठेंही लिहावें लागत नाहीं.

एवढ्या मोठ्या संख्येनें बीज मिळूं लागलें तें एका शोधामुळें. कटला-रोहू हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. म्हणून पूर्वीं बंगालमधील नद्यांच्या पुरांतून बीज गाळून घेत आणि मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीनें दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत. हंडी सारखी हालवीत राहिलें तरच आंतलें बीज जगे, म्हणून बरोबर माणूस असे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अनगूळ येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं दुसऱ्या माशाच्या मस्तिष्कांतील पोष ग्रंथीचा अर्क टोंचून या जातीच्या माशांकडून बांधलेल्या तळ्यांत अंडीं घालवून घेतलीं. (रसेलसाहेबांचे सहकारी हिरालाल ते हे नव्हत.) पुढें गोल टांक्यांत पाणी फिरवून अंडीं उबविण्याची चिनी पद्धत आली आणि जिरें लाखांनीं व कोटींनीं निघूं लागलें. शोध थोर होता, याविषयीं दुमत नाहीं. पण त्यामुळें जिरें जितकें स्वस्त झालें तितकी बोटुकली झाली नाहीं. कारण तिला वाढवावयास जागा, खाद्य, राखण व दोन-तीन महिने लागतात, आणि तीं टोंचणीनें मिळत नाहींत.

गेल्या पावसाळ्यांत सिंदेवाही तालुक्यांतील एका मामा तलावावर बीज सोडण्याच्या वेळीं आम्ही हजर होतों. गाडी पोंचली ती भर दुपारीं. प्राणवायु भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या प्रथम तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्या आणि आंतील व बाहेरील पाण्याचें उष्णमान सारखें झाल्यावर त्यांचें तोंड सोडावें, असा सर्वमान्य नियम आहे. परंतु गाडीवाल्यास पुढील गांव गांठावयाचें असल्यानें तेवढा वेळ मिळाला नाहीं. मोजणी बीजकेंद्रावरच वाटीनें झालेली होती, म्हणजे एका वाटींतील पिलें मोजून वाट्यांच्या संख्येनें गुणलेलीं होतीं. एका वृद्ध ढिवरानें एक पिशवी उजेडाकडे धरून पाहिली आणि कांहींएक न बोलतां खालीं ठेवली. सांडव्यावरून पाणी त्या वेळीं वाहतच होतें.

त्या न बोललेल्या आक्षेपांत चार मुद्दे होते, ते पुढें पाळीवर बसल्यावर आम्हांस समजले. पहिला मुद्दा शत्रूचा. तलावांत मरळ आहे, शिवडा आहे, टेंगरा आहे, शिवाय पाणकावळे व बगळे आहेत. २० मिलिमीटरचें पिलूं यांपैकीं कोणाच्याही तोंडांत मावतें, १०० मिलिमीटरची बोटुकली सर्वांच्या तोंडांत मावत नाहीं. दुसरा मुद्दा ओसंडणाऱ्या पाण्याचा. बीज मिळतें आषाढ-श्रावणांत. नेमका तोच तलाव भरून वाहण्याचा काळ, आणि लहान पिलूं पाण्याबरोबर सांडव्यावरून नाल्यांत आणि पाटानें बांध्यांत जातें. तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत वजनदार वाटला. या प्रांतांतील कित्येक तलाव बारमाही नाहींत. आश्विनांत हलक्या-भारी धानास पाणी सुटतें, आणि फाल्गुन-चैत्रांत तळाशीं डबकें उरतें. श्रावणांत सोडलेल्या पिलास वाढावयास सहा-सात महिने मिळतात, त्यांतले पहिले दोन तें केवळ बोटाएवढें होण्यांत घालवितें. बोटाएवढेंच सोडलें असतें तर तेच दोन महिने वजन धरण्यास मिळाले असते. चौथा मुद्दा मोजणीचा, त्याविषयीं वर लिहिलेंच आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही निराधार नाहीं, आणि तें देणें अवश्य आहे. ज्या पिशवींत हजारों पिलें जातात तींत बोटुकल्या कांहीं शेंच मावतात. भामरागड किंवा सिरोंच्यासारख्या दूरच्या तालुक्यांत त्या पोंचवावयाच्या तर गाड्या अनेकपट लागतात. बोटुकलीची किंमत अर्थातच जास्त, आणि ज्या संस्थेस ठेक्याची रक्कमच जड जाते ती एवढें भांडवल कोठून आणणार? शिवाय कार्तिकाच्या सुमारास बोटुकली तयार होते तेव्हां कित्येक तलावांतलें पाणी उतरूं लागलेलें असतें. तेव्हां, बीजकेंद्राचे लोक विचारतात, स्वस्त बीज अधिक सोडून त्यांतलें थोडें जगलें तर काय बिघडलें? या प्रश्नाचें उत्तर एवढेंच कीं, न जगलेल्या बीजाचे पैसे कोणाच्या खिशांतून गेले तें पहावें. बीज विकणाराचा हिशेब पिशवी रिकामी होतांच पुरा होतो. ढिवराचा हिशेब जाळें पडेपर्यंत उघडा राहतो. शास्त्रज्ञांचें मत या बाबतींत ढिवरांच्या बाजूचें आहे. मध्यवर्ती अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेनें जलाशयांकरितां १०० मिलिमीटरच्या वरची बोटुकली सोडावी असेंच सांगितलें आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकांत सरकारनें बांधविलेले आसोलामेंढा, घोडाझरी यांसारखे मोठे तलाव याच वर्गांत मोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९९५ त प्रसिद्ध केलेल्या सुगुणन यांच्या ग्रंथांत भारतांतील लहान जलाशयांचें सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारें ५० किलो दिलें आहे आणि तें याहून पुष्कळ वाढण्याजोगें आहे, असें म्हटलें आहे.

येथपर्यंत आम्ही पूर्णपणें ढिवरांच्या बाजूचे आहोंत. परंतु 'मोठें सोडा' एवढ्यानें प्रश्न मिटतो काय, हें पाहण्यासाठीं दुसऱ्या देशांतील व आपल्याच देशांतील दुसऱ्या पाण्यांकडे थोडें पाहिलें पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेंत गळानें ट्राउट धरणाऱ्या शौकी लोकांमध्यें हाच वाद दीर्घकाळ चालत आला आहे : पाळलेल्या ट्राउटचीं लहान पिलें पुष्कळ सोडावीं, कीं धरण्याजोगे मोठे मासे थोडे सोडावे? ट्राउट हा थंड पाण्यांतला मासा. साहेब लोकांनीं तो काश्मिरांत व नीलगिरीवर नेऊन वाढविला, पण चांद्याच्या उन्हाळ्यांत तो एक दिवसही टिकणार नाहीं. त्या वादाचा एक निकाल मात्र आम्हांस उपयोगी आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यांत मॅडिसन नदीवर पाहणी झाली, तेव्हां असें आढळलें कीं, पाळलेले मोठे मासे सोडल्यानें नदींतले मूळचे रानटी ट्राउट कमी होतात, आणि सोडणें थांबविलें कीं ते पुन्हां वाढतात. तेव्हां १९७४ त त्या राज्यानें रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत पाळलेला मासा सोडणेंच बंद केलें. ज्या शौकी लोकांनीं प्रथम ओरड केली, त्यांचा विरोध पुढें नद्यांनींच मोडून काढला.

दुसरें उदाहरण घरचें आहे. पुण्याच्या मुळा-मुठा नद्यांतील ज्या महशीर माशाचें वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ त प्रसिद्ध केलें, त्या जातीची पैदास लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकांठीं १९७० नंतर सुरू झाली. डॉ. चं. वि. कुलकर्णी व श्री. ओगले यांचें हें काम देशांत नांवाजलें गेलें, आणि तें योग्यच होतें. तेथील बोटुकल्या देशभर गेल्या. कांहीं कावेरींत सोडल्या गेल्या. कावेरींत तिची स्वतःची पाठीवर कुबड असलेली महशीर होती. गळानें मासे धरणारांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत आपण धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या पुढें अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां कुबडी महशीर जवळजवळ दिसेनाशी झालेली आणि बाहेरून आणलेली वाढत गेलेली आढळली. २०१८ त त्या कुबड्या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. येथें हेतु शुद्ध होता, बीज निरोगी होतें, आकारही पुरेसा होता. आणि जें जगावें म्हणून सोडलें तें उत्तम जगलें.

हें ध्यानांत घेऊन पुन्हां आपल्या तलावांकडे आलें म्हणजे ढिवरांच्या तक्रारींत एक दुसरी, हळू आवाजांतली तक्रार ऐकूं येते. ती बहुधा वृद्धांकडून व स्त्रियांकडून येते. बीजाचे शत्रू म्हणून ज्यांचीं नांवें वर दिलीं, ते मरळ, शिवडा, मागूर, शिंगी हेच या प्रांतांतील मूळचे मासे. बाजारांत मरळीस कटल्याहून चांगला भाव येतो, आणि बाळंतिणीस किंवा दुखणाइतास पथ्याचा म्हणून कोणता मासा द्यावा, याचें ज्ञान या माशांविषयींचें आहे, कटल्याविषयींचें नाहीं. बीज सोडण्यापूर्वीं तलावांतले 'निरुपयोगी' मासे काढून टाकावे, असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. खाजगी शेततळ्यांत तें ठीक आहे. गांवच्या तलावांत, ज्याच्या कांठीं गरिबाचें पोर गळ टाकून सायंकाळचें कोरड्यास मिळवितें, तेथें निरुपयोगी कोणास, असा प्रश्न येतो. कटला-रोहू ठेकेदार संस्थेच्या जाळ्यांत जातो. मरळ, झिंगे व बारीक मासळी घराच्या हंडींत.

म्हणून आमचा अभिप्राय थोडा दुटप्पी वाटला तरी तो असा आहे. जो तलाव धानाच्या शेताप्रमाणें दरसाल पेरावयाचा आणि दरसाल काढावयाचा, तेथें बीज नको, बोटुकलीच हवी, आणि ठेक्याच्या कागदांत संख्येबरोबर लांबीही लिहिली जावी. परंतु वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांसारख्या नद्यांत व ज्या जंगली तलावांस अजून चढण लागते तेथें, लहान किंवा मोठें कसलेंही बीज सोडण्याची घाई करूं नये. तेथें उन्हाळ्यांत मासा ज्या डोहांत राहतो ते डोह आणि तो ज्या ओढ्यानें चढतो ते ओढे राखले तरी पुष्कळ. पाण्यांत विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेंच बंदी केली. तो कायदा होण्यापूर्वीं, १८७३ त, डॉ. फ्रान्सिस डे यांनीं हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं सरकारास जो अहवाल दिला, त्यांत बारीक जाळ्यांनीं पिलें मारलीं जातात हेंच मोठें गाऱ्हाणें होतें. डे साहेबांनीं दोष मासे धरणारांवर ठेवला. पुढें धरणें झालीं, ओढे बुजले, सांडव्यांखालीं उंच भिंती उभ्या राहिल्या, आणि चढणीचा मार्गच बंद झाला, तें त्यांस दिसणें शक्य नव्हतें.

बोटुकली दुरून आणणें परवडत नाहीं हा आक्षेप राहतो. त्यास उपाय गांवांतच आहे, आणि तो कांहीं ठिकाणीं होऊं लागला आहे. तलावाशेजारील एखादी बोडी राखून, किंवा तलावाचाच एक उथळ कोपरा जाळीनें वेढून, तेथें स्वस्त बीज दोन महिने वाढवावें आणि पाणी ओसंडणें थांबल्यावर तें मोठ्या पाण्यांत सोडावें. शेजारच्या भंडारा-गोंदियाकडे ढिवरांनीं, विशेषतः त्यांच्या स्त्रियांनीं, याहून एक पाऊल पुढें टाकलें आहे. तलावांत माजलेली बेशरम उपटून त्यांनीं तेथें मूळच्या जलवनस्पती पुन्हां लावल्या, म्हणजे देशी माशांस अंडीं घालण्यास व पिलांस लपण्यास जागा झाली. चंद्रपूर-गडचिरोलींत हें करावयाचें तर तलावाच्या बाबतींत निर्णय घेणारा कोण, हें आधीं ठरलें पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांतील लहान पाणवठ्यांची व्यवस्था पंचायतींकडे असावी असें १९९६ च्या पेसा कायद्यांत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यांत जंगलांतील पाण्यांतल्या माशांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ त सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून गडचिरोलींतील अनेक ग्रामसभांनीं बांबू व तेंदूपानाचे हिशेब स्वतः ठेवण्यास सुरुवात केली आहे. त्याच वहींत तलावाचें एक पान असावें. त्यांत बीज कोणत्या दिवशीं आलें, किती लांबीचें होतें, सांडवा त्या वेळीं वाहत होता कीं नाहीं, आणि माघांत जाळें टाकलें तेव्हां कोणता मासा किती किलो निघाला, एवढें लिहिलें जावें. कावेरीच्या शौकी लोकांनीं छंद म्हणून जें केलें, तें ढिवरांनीं पोटासाठीं करावयाचें आहे. अशी वही कोणत्याही ग्रामसभेनें किंवा मच्छीमार संस्थेनें दोन-तीन वर्षें ठेविली आणि आमच्याकडे पाठविली, तर ती या त्रैमासिकांत आम्ही आनंदानें छापूं.